गालापागोसला स्नॉर्केलिंग: मालवणात तयारी कशी आणि किती करावी?

कुणकेश्वर_किनारा

नमस्कार मंडळी. गालापागोसला (इक्वादोरची प्रशांत महासागरातली बेटं) जायचं घरात नक्की झालंय. तिथं स्नॉर्केलिंग करायचंय, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर पालथं तरंगत खाली बघायचं. मे महिन्याची सुट्टी की दिवाळी, एवढंच ठरायचंय. आम्ही चौघं: मी, नवरा, मुलगी १४, मुलगा १०. चौघांनाही तलावात सलग १०० मीटर पोहता येतं. समुद्रात मात्र गुडघाभर पाण्यापलीकडे कोणी गेलेलं नाही (देवगडात राहून! हसू नका). मुलाला चष्मा आहे, दोन्ही डोळे उणे साडेतीन. नवऱ्याला मिशी आहे आणि ती काढायची तयारी नाही.

विचारायचंय ते असं:
१. मालवणात सराव करून जावं म्हणतो. नेमका कशाचा करायचा?
२. तिथली बेटं ज्वालामुखीची. पाण्यात उतरणाऱ्याला त्यानं काय फरक पडतो?
३. मे की दिवाळी?
४. सी-लायन (सीलसारखा प्राणी), शार्क, इग्वाना (समुद्रात चरणारा मोठा सरडा) यांच्यात पोहताना काय पाळायचं?

---

मतलई

ताई, सिंधुदुर्ग किल्ल्यामागे होडीतून नेऊन जे स्नॉर्केलिंग करवतात, तेवढं केलं म्हणजे तयारी झाली असं समजू नका. तिथं लाइफ जॅकेट चढवतात, हातात धरून तरंगायला हवा भरलेली ट्यूब देतात, तुम्ही तोंड पाण्यात घालायचं आणि गाइड ट्यूब ओढत नेतो. पाव टाकला की काळ्या पट्ट्यांचे पिवळट मासे तोंडासमोर गोळा होतात. पंधरा-वीस मिनिटांत वर. मजा येते, पण त्यात तुम्ही पाय मारत नाही, दिशा ठरवत नाही आणि नळीत पाणी शिरलं की डोकं वर काढता. गालापागोसला नेमक्या याच तीन गोष्टी स्वतः कराव्या लागतात.

होडीवाल्याशी आधीच बोलून घ्या: ट्यूब नको, पूर्ण तास हवा, आणि पाव टाकायचा नाही. किल्ल्याभोवतीचं पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. एकूण २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला ३.१८ चौरस किलोमीटरचा गाभा किल्ला आणि पद्मगडाच्या आसपासचा. पावावर जमवलेले मासे म्हणजे मासे बघणं नव्हे, हे माझं मत. होडीवाल्यांशी यावरून वाद होतो, होऊ द्या.

दिवस निवडताना तिथी बघा. पाणी कधी नितळ असेल हे कॅलेंडरवरच्या तारखेवरून कळत नाही. डिसेंबर ते मार्च हा हंगाम. पुनव-अवसेच्या उधाणात पाणी जोरात आत-बाहेर होतं आणि तळाची रेती उचलतं. अष्टमीच्या भांगाला (भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा) ओढ सर्वांत कमी. आता वेळेचं गणित. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या भरतीची वेळ मिळते, मालवणला भरती त्याच्या अर्धा-पाऊण तास आधी येते. एकादशीला ११ ची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे मालवणात साडेसात-पावणेआठ. भांग नुकता सरलेला, बाहेरचं स्वच्छ पाणी आत आलेलं आणि खारा वारा (समुद्रावरून येणारा) सुटायला अजून दोन-तीन तास. दशमी ते द्वादशी हे तीन दिवस धरा आणि साडेसहाला जेटीवर या. दुपारी बाराला जाऊन ‘पाणी गढूळ होतं’ म्हणणारे निम्मे लोक वेळ चुकलेले असतात.

सरावाची सुरुवात मात्र होडीतून नको. चिवल्याला जा. रेतीचा तळ, वळणदार किनारा, लाटा कमी. देवबागच्या संगमाकडे नको, कर्लीचं पाणी गढूळ आणि ओहोटीची ओढ समुद्राकडे. कमरेएवढ्या पाण्यात हा क्रम:

मास्क न लावता फक्त नळी तोंडात धरून चेहरा पाण्यात, पाच मिनिटं. नाक उघडं राहील, पाणी नाकाशी खेळेल, तरी श्वास तोंडानेच घ्यायचा. पहिल्या दिवशी मुलं तीसेक सेकंदांत उठतात. हे जमल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण समुद्रात मास्क निसटला की घाबरायला होतं ते याच ठिकाणी.

मग मास्क लावून डोकं इतकं खाली न्या की नळी पाण्याने भरेल. वर येऊन ‘टू’ म्हटल्यासारखी एक जोरदार फुंकर. फुंकरीसाठी छातीत हवा राखलेली हवी, सगळी सोडून खाली गेलात तर उडवणार काय? फुंकरीनंतरचा पहिला श्वास हळू आणि जीभ टाळूला टेकवून, म्हणजे उरलेले थेंब घशात जात नाहीत. असं सलग दहा वेळा.

मास्कमधलं पाणी काढायला वरची कड दोन बोटांनी दाबायची, मान थोडी मागे आणि नाकाने श्वास सोडायचा. बहुतेक जण खालची कड ओढतात आणि आणखी पाणी घेतात.

शेवटी फिन्स (पायात घालायचे रबरी पंखे) घालून किनाऱ्याला समांतर, छातीएवढ्या पाण्यात, न थांबता ३०० मीटर. पाय मांडीपासून हलले पाहिजेत. गुडघ्यातून सायकल मारल्यासारखे हलले तर पाणी नुसतं ढवळतं आणि पोटरीला गोळा येतो. गोळा आलाच तर फिनचं टोक धरून आपल्याकडे ओढा आणि पाय सरळ करा. मुलाला दीडशे मीटर पुरे.

एवढं झालं की मग होडी.

---

जांभा_कातळ

दोन आणि तीन नंबरच्या प्रश्नांवर.

आधी एक गैरसमज. मालवण-वेंगुर्ल्याकडचे खडक बहुतांशी ज्वालामुखीचे नाहीत. नाइस, ग्रॅनाइट, क्वार्टझाइट, सगळे दख्खनच्या बसाल्टपेक्षा कितीतरी जुने. लाव्ह्याचा खडक बघायचा तर उत्तरेला, रत्नागिरी-हर्णै-मुरुडकडे. तोही साडेसहा कोटी वर्षांचा, लाटांनी घासून गुळगुळीत झालेला, वर आमचा जांभा. गालापागोसची पश्चिमेकडची बेटं त्यामानाने काल-परवाची. फर्नांदिना २०२४ मध्येही उद्रेक पावलं. अशा ताज्या लाव्ह्याच्या कडा काचेसारख्या असतात, वर बार्नॅकलची (खडकाला चिकटलेल्या धारदार कवचाच्या जीवांची) करवत. कालवं काढताना तळवा फाटतो तसंच, पण पाऊल ठेवाल तिथं. म्हणून पायात निओप्रीनचे (फोमसारख्या रबराचे) बूट आणि त्यावर मागे पट्टा असलेले फिन्स घ्या. नुसत्या पायात घालायचे फिन्स किनाऱ्यावर काढले की अनवाणी उभं राहावं लागतं.

दुसरा फरक उताराचा. आपल्याकडे समुद्र हळूहळू खोल होतो, लाट आधीच फुटते. ज्वालामुखीचं बेट समुद्रातून सरळ वर आलेलं. लाट न फुटता थेट कड्यावर येते, पाणी मीटर-दीड मीटर चढतं आणि तसंच उतरतं. लाट दिसत नाही, नुसतं पाणी वर-खाली होतं, म्हणून नवख्याला शांत वाटतं. कड्यापासून तीन-चार मीटर अंतर ठेवा आणि अंग कड्याला समांतर ठेवा, म्हणजे एका डोळ्याने समुद्र दिसतो. मालवणीत सांगायचं तर, दर्याक पाठ दाखवची नाय. पाण्यात उतरण्याआधी पाच मिनिटं नुसतं बघा. मोठ्या लाटा तीन-चारच्या गटाने येतात आणि मग उसंत मिळते.

तिसरा फरक अंधाराचा. तळ काळा, उजेड परत येत नाही. तेवढंच नितळ पाणी पांढऱ्या रेतीवर असेल तर दुप्पट स्वच्छ वाटेल. शिवाय तिथलं पाणी हिरवट असतं, आणि त्याच कारणाने तिथं एवढे प्राणी आहेत. बेटं विषुववृत्तावर, पण दक्षिणेकडून हंबोल्टचा थंड प्रवाह येतो आणि पश्चिमेकडून खोलातून येणारा क्रॉमवेल प्रवाह इसाबेला-फर्नांदिनाला धडकून वर चढतो. खालचं थंड, खताने भरलेलं पाणी वर आलं की प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) वाढतं, प्लवकावर मासे, माशांवर पेंग्विन आणि सी-लायन. हो, विषुववृत्तावर पेंग्विन.

आता मे की दिवाळी. आपल्या मालवणचं पाणी २७-२९ अंश. तिथं डिसेंबर ते मे हा उबदार काळ, पाणी साधारण २३ ते २६. मे त्याच्या शेवटाला. जून ते नोव्हेंबर थंड काळ, १८ ते २३, आणि इसाबेलाच्या पश्चिमेला त्याहून खाली. ऑगस्ट-सप्टेंबरात समुद्र सर्वांत खवळलेला. दिवाळीत प्राण्यांची लगबग जास्त दिसेल, पण दहा वर्षांच्या पोराला त्या पाण्यात वीस मिनिटांत हुडहुडी भरेल. पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगाने ओढतं, त्यात बारीक अंगाचं मूल.

त्यात सरावाचाही हिशेब आहे. दिवाळीला गेलात तर मध्ये चार महिने पावसाळा, जूनपासून होड्या बंद, मार्चला शिकलेलं ऑक्टोबरला विसरलेलं. मेमध्ये गेलात तर जानेवारी ते मार्च सराव आणि लगेच प्रवास. माझं मत मे.

---

पाकट_आणि_मुशी

नियम सोपा आहे: कुठल्याही प्राण्यापासून दोन मीटर. हात लावायचा नाही, खायला घालायचं नाही, फ्लॅश मारायचा नाही. राष्ट्रीय उद्यानाच्या बहुतेक ठिकाणी परवानाधारक गाइडशिवाय जाता येत नाही. अडचण एवढीच की सी-लायनची पिल्लं हा नियम पाळत नाहीत. ती तुमच्या मास्कसमोर येऊन बुडबुडे सोडतात, फिन ओढतात. तुम्ही हात छातीशी घ्या, पाय हळू मारा, बाकी त्यांचं त्यांना करू द्या. धोका मोठ्या नराचा. कपाळावर उंचवटा, मान जाड, किनाऱ्याला समांतर येरझाऱ्या घालत भुंकत असतो. तो आणि किनारा यांच्या मध्ये जायचं नाही. भुंकत तुमच्या दिशेने वळला तर झटापट न करता, त्याच्याकडे तोंड ठेवून, बाजूला सरकत खोल पाण्याकडे निघा.

इग्वाना बघायचा तर ओहोटी बघा. माद्या आणि लहान इग्वाना सहसा पाण्यात शिरत नाहीत, ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकावरचं शेवाळ खरवडतात. पाण्याखाली चरतात ते मोठे नर. तोंड बोथट, त्यामुळे गालफड खडकाला घासून शेवाळ उपटता येतं, नख्यांनी खडक घट्ट धरलेला, लाट आली की शेपटी एका बाजूला झुलते. तुम्ही वर स्थिर तरंगत राहिलात तर तो तुमच्याकडे बघतही नाही. थंड रक्ताचा प्राणी, पाण्यात अंग गार पडत जातं, वर येऊन ऊन खाल्ल्याशिवाय पचनही होत नाही. म्हणून त्याची परतीची वाट अडवू नका. किनाऱ्याकडे निघाला की बाजूला व्हा. वर बसल्यावर नाकातून खारट पाण्याची पिचकारी मारतो, ती तुमच्यासाठी नसते. एल निनोच्या वर्षी पाणी तापलं की हे शेवाळ मरतं आणि इग्वाना उपाशी पडतात. त्या काळात त्यांची लांबी खरोखर घटते आणि खाणं परतलं की पुन्हा वाढते, हे मोजून सिद्ध झालंय.

शार्कची भीती बाळगू नका. दिवसा दिसतात त्या बहुतेक पांढऱ्या टोकाच्या मुशी, इसाबेलाच्या तिंतोरेरासजवळ लाव्ह्याच्या चरात एकावर एक झोपलेल्या. चरात उतरायचं नाही, वरून बघायचं. सान क्रिस्तोबालजवळच्या लिऑन दोरमिदोच्या दोन सुळक्यांमधल्या फटीत हॅमरहेड (हातोड्यासारख्या डोक्याच्या शार्क) दिसतात, पण ती जागा खोल आणि ओढीची. तुमच्या मुलाने तिथं होडीतच बसावं.

खरी इजा होते ती पाकटामुळे (रेतीत दडून बसणारा, शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा). रेतीवर उतरताना पाय उचलून टाकू नका, घासत चला. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणाऱ्यांना विचारा, तेच सांगतील. काटा लागलाच तर जखम सोसेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांपेक्षा जास्त नाही, ३० ते ९० मिनिटं बुडवून ठेवायची आणि मग डॉक्टर.

मतलईंच्या उत्तरात एक राहिलं. होडीवाल्यांचं नारिंगी लाइफ जॅकेट बुडणाऱ्याचं तोंड वर ठेवायला केलेलं असतं. ते घालून तोंड खाली ठेवायला गेलं की मान दुखते आणि नळी तिरपी होऊन पाणी घेते. सरावाला ते नको.

---

मतलई

मुद्दा बरोबर, पण ‘नको’ एवढंच लिहून सोडू नका. वाचणारा जॅकेट काढून खोल पाण्यात उतरेल. तोंडाने फुगवायचा स्नॉर्केल वेस्ट मिळतो, तो घ्या. पुढच्या बाजूला हवा, पाठ मोकळी. एक-दोन फुंका भरल्या की पालथं आरामात तरंगता येतं, दमलात तर पूर्ण फुगवून उताणं व्हा. मुलांच्या अंगावरून तो कधीच उतरवायचा नाही, मोठ्यांनी पहिले तीन दिवस.

---

कुणकेश्वर_किनारा

मे नक्की केला. एकादशीचं गणित ऐकून आमचे सासरे खूश झाले, म्हणाले हे तर आम्ही जन्मभर करतोय. आता सामानाचं. मुलासाठी पूर्ण चेहरा झाकणारा मास्क घ्यावा का? चष्म्याचं काय? मिशीचं काय? आणि वेटसूट इथून न्यायचा की तिथं भाड्याने?

---

निळी_नळी

पूर्ण चेहऱ्याचा मास्क नको, मुलासाठी तर नकोच. साध्या नळीत सोडलेल्या हवेची जागा थोडी असते. त्या मास्कमध्ये ती जागा मोठी, आणि आतले पडदे-झडपा नीट बसल्या नाहीत तर सोडलेलाच श्वास परत घेतला जातो. दमून जोरात श्वास घ्यायला लागलं की कार्बन डायऑक्साइड साठतो, डोकं जड होतं, आणि पट्टे काढून मास्क उतरवायला वेळ लागतो. साध्या नळीत तोंड उघडलं की संपलं. नळीही ३५-४० सेंटीमीटरपेक्षा लांब घेऊ नका, कारण तेच.

मास्क घेताना पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास ओढा, हात सोडा. दहा सेकंद चिकटून राहिला तर तुमचा. किंमत बघू नका, हे बघा. पट्टा डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावर, मानेवर नाही. गळायला लागला की लोक पट्टा आवळतात, त्याने कड दुमडते आणि जास्त गळतं. आधी बघा कडेखाली केस अडकलाय का.

मिशी: पूर्ण काढायची गरज नाही. नाकपुड्यांच्या लगेच खालची चार-पाच मिलिमीटरची पट्टी वस्तऱ्याने साफ केली की कड कातडीवर बसते. बाकी मिशी शाबूत. तेवढंही नको असेल तर सिलिकॉन ग्रीस लावा आणि दर दहा मिनिटांनी नाकाने पाणी काढायची सवय ठेवा.

मुलाचा चष्मा: काच बदलता येणारे मास्क मिळतात, नंबर अर्ध्या-अर्ध्याच्या टप्प्यात. उणे साडेतीनला उणे तीनही चालतो, कारण पाण्यात वस्तू पाव अंतराने जवळ आणि एक तृतीयांश मोठी दिसते. पण अशा काचांचे मास्क मोठ्यांच्या मापाचे जास्त, म्हणून आधी श्वास ओढून बघायची परीक्षा, मग नंबर.

नवीन मास्क धुकटतोच, काचेवर कारखान्यातला सिलिकॉनचा पातळ थर असतो. साधी पांढरी टूथपेस्ट (जेल नव्हे) आतून बोटाने दोन-तीन मिनिटं घासा, धुवा, असं चार वेळा. रोजच्याला लहान मुलांच्या शॅम्पूचा एक थेंब, पुसून हलकं विसळायचं.

वेटसूट मेसाठी ३ मिलिमीटरचा पूर्ण बाह्यांचा पुरे. मुलाला ५ चा. भाड्याने तिथं मिळतो, मोठ्यांना चालेल. मुलाचा मात्र मापाचा इथूनच न्या. वेटसूटमध्ये ऊब राखतात ते निओप्रीनमधले वायूचे बुडबुडे, आत शिरलेलं पाणी पातळ थरात अडकून राहिलं तरच. सूट सैल असेल तर प्रत्येक हालचालीला गार पाणी आत येतं आणि सूट असून नसल्यासारखा. घालून हात वर करा. पाठीच्या खळग्यात आणि काखेत पोकळी दिसली तर एक माप लहान. तोच सूट घालून चिवल्याला एकदा ३०० मीटर करा, कारण तो तरंगतो आणि पाय पाण्याबाहेर येऊन फिन हवेत फटफटतात. थोडी कंबर मोडून पाय खाली ठेवायची सवय लागते.

मुलीला बुडी मारावीशी वाटेलच. मारू द्या, दोन-तीन मीटर (तेवढ्यापुरती वेस्टमधली हवा सोडून), पण आधी भराभर श्वास घेऊन नाही. दोन सावकाश श्वास, तिसऱ्याला खाली. भराभर श्वास घेतल्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, फक्त कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि ‘वर चल’ ही सूचनाच येत नाही. माणूस पाण्यातच बेशुद्ध पडतो. आणि खाली जाताना प्रत्येक मीटरला नाक दाबून कान मोकळे करायचे.

---

पाकट_आणि_मुशी

होडीत परत चढायचा सरावही मालवणातच करा. तिथल्या रबरी होड्यांना पांगा म्हणतात, काही वेळा शिडी असते, काही वेळा नुसती दोरी. क्रम: आधी कॅमेरा वर, मग एका हाताने होडी धरून फिन्स काढून वर द्यायचे, मगच शिडी. शिडी नसेल तर फिन्स पायातच ठेवा, दोरी धरून एकदा खाली बुडी आणि फिन्सच्या जोरावर उसळी, पोट काठावर. मुलांना हे पहिल्याच दिवशी जमतं, मोठ्यांना चौथ्या.

विमानतळावर सामान तपासतात. बिया, ताजी फळं, माती चालत नाही. मे महिना आहे म्हणून पेटीतून हापूस नेऊ नका, देवगडचा असला तरी. बुटांच्या तळव्यातली चिवल्याची रेतीही निघण्याआधी ब्रशने काढा. २० डॉलरचं ट्रान्झिट कार्ड इक्वादोरच्या मुख्य भूमीवरच्या विमानतळावर घ्यायचं, आणि उद्यानाची फी तिथं उतरल्यावर: ऑगस्ट २०२४ पासून परदेशी प्रौढांना २००, बारा वर्षांखालच्यांना १०० डॉलर. तुमची मुलगी प्रौढांत धरा. रोख ठेवा, सुट्ट्या नोटांत.